गौरी-गणपतीत दरवर्षी शिंका : रॅगवीडचा त्रास असलेल्यांनी इथे बोला

निशिगंध_नेपरव्हिल | २३ सप्टेंबर, रात्री ९:५०

काल गौरी जेवल्या. घरात पस्तीस माणसं, सोळा भाज्यांची मोठी भाजी, पुरण माझ्या हातचं. सगळं छान झालं, फक्त सवाष्णींच्या ओट्या भरताना माझ्या एका हातात रुमाल होता. आरतीला तोंड उघडलं की शिंक.

गेली चार वर्षं हेच चाललंय. निम्मा ऑगस्ट उलटला की टाळूला आतून खाज सुटते, डोळे चुरचुरतात, नाकाचा नळ सुरू होतो. ऑक्टोबरात कडक थंडी पडेपर्यंत सुटका नाही. पुण्यात तीस वर्षं राहिले, रोज दुचाकीवरून लकडी पुलाचा धूर खाल्ला, कधी काही झालं नाही. शिकागोत आल्यावरही पहिली दोन वर्षं ठणठणीत होते. मग माशी शिंकली कुठे?

पहिल्या वर्षी एका अर्जंट केअरमध्ये सायनसचा संसर्ग म्हणून अँटिबायोटिक दिलं. दुसऱ्या वर्षीही तेच. यंदा हट्टाने ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेले. पाठीवर टोचून चाचणी केली. बाकी सगळे ठिपके सपाट, एकाच जागी, एका तणाच्या परागाच्या ठिपक्यावर, रुपयाएवढी गांधी उठली. रॅगवीड. मी इतकी वर्षं रस्त्याकडेच्या त्या पिवळ्या तुऱ्यांना, गोल्डनरॉडला, दोष देत होते. गौरीच्या आराशीतूनही काढून टाकले होते बिचारे.

खरी गंमत पुढे आहे. सासूबाई पुण्याहून आल्या आहेत. चतुर्थीच्या सकाळी दुर्वांसारखं काही मिळतंय का बघायला कुंपणामागे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, हे गाजर गवत! इथेही पोचलं का हे मेलं?" बघते तर कमरेएवढं झाड, झेंडूसारखी कातरलेली पानं, शेंड्याला हिरवट मण्यांची उभी कणसं. त्यांनी एक कणीस बोटांनी नुसतं चोळलं तर तळहातावर पिवळी पूड, हळदीच्या बोटासारखी. फोनवर फोटो काढून ओळख पटवली. गाजर गवत नव्हे, रॅगवीड. माझ्या घरापासून वीस पावलांवर.

हे झाड नक्की काय आहे ते सांगा. काही दिवस मी अगदी बरी असते, काही दिवस उठवत नाही, त्याचा हवेशी संबंध आहे का? आणि ह्यांना फीनिक्सची नोकरी सांगून आली आहे. तिथे जाऊन सुटका झालेलं कुणी आहे का? मुलं शाळेत रुळली आहेत, पण मी खरंच टेकीला आले आहे.

मोरपंखी | २३ सप्टेंबर, रात्री १०:१५

मिशिगन. डिट्टो. आमच्याकडे मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकातले निम्मे लोक वाजवतात आणि निम्मे शिंकतात, तालात.

आबा_देशावरचे | २३ सप्टेंबर, रात्री ११:०२

आमच्या पिढीत ॲलर्जी हा शब्द नव्हता. शेणामातीत खेळलो, विहिरीचं पाणी प्यायलो. तुम्ही लोक मुलांना काचेच्या बरणीत वाढवता, मग नाक कुरकुरणारच. पोरांना धुळीत सोडा, सगळं जाईल.

निशिगंध_नेपरव्हिल | २३ सप्टेंबर, रात्री ११:२०

आबा, मी बारामतीजवळच्या खेड्यात दहा वर्षांची होईपर्यंत शेणानेच अंगण सारवलंय हो. तरीही झालं.

डॉ_शेवंती | २४ सप्टेंबर, सकाळी ७:३०

ओहायोत कान-नाक-घसा बघते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिली दोन वर्षं ठणठणीत असणं अगदी नेहमीचं आहे. नव्या परागकणाशी शरीराची ओळख व्हायला काही हंगाम जावे लागतात. आधी शरीर त्याच्या नावाची आयजीई प्रतिपिंडं तयार करून मास्ट नावाच्या पेशींवर बसवून ठेवतं. तोवर तुम्हाला काही जाणवत नाही. पुढच्या एखाद्या हंगामात तोच कण नाकात शिरला की त्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि मग पाणी, खाज, शिंका. इथे आलेल्या आपल्या लोकांकडून "आलो तेव्हा काही नव्हतं" हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकते.

सासूबाईंच्या नजरेला माझा नमस्कार. रॅगवीड आणि गाजर गवत एकाच कुळातली, सूर्यफूल-शेवंती-झेंडूच्या. सख्ख्या नाहीत, पण चुलत बहिणी नक्की. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की दोघींच्या परागांतली काही प्रथिनं इतकी सारखी आहेत की एकीविरुद्धची प्रतिपिंडं दुसरीलाही चिकटतात. म्हणजे गाजर गवताशी आधीच वाकडं असलेला माणूस इथे आला, तर त्याला दोन वर्षांची सवलत मिळेलच असं नाही.

गोल्डनरॉड मात्र खरंच निर्दोष आहे. त्याचा पराग जड आणि चिकट असतो, तो न्यायला मधमाशी लागते. म्हणून तर ते पिवळंधमक फुलून तिला बोलावतं. रॅगवीडला कुणाला बोलवायचं नसतं, त्याचं काम वारा करतो, म्हणून त्याचं फूल डोळ्यांत भरतच नाही. दोघं एकाच वेळी, एकाच बांधावर फुलतात आणि आळ दिसणाऱ्यावर येतो. पुढच्या वर्षी गौरींना खुशाल वाहा.

औषधांचं थोडक्यात. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा, फ्लुटिकासोनसारखा, हंगामाआधी आठवडा-दोन आठवडे सुरू करा आणि रोज घ्या. त्रास झाला की एकदा मारला, असं त्याचं काम चालत नाही. मारताना टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे धरा. गोळ्यांत सेटिरिझिनने काहींना झोप येते, फेक्सोफेनाडिनने सहसा येत नाही, पण ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, अंगी कमी लागते. मॉन्टेलुकास्ट आपल्याकडे चणेफुटाण्यांसारखं घेतात. त्याने मनावर परिणाम होऊ शकतात म्हणून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ठळक चौकटीत इशारा दिला आहे. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. छातीत घरघर किंवा दम लागत असेल तर मात्र इथे विचारत बसू नका, लगेच दाखवा.

आणि अँटिबायोटिकने ॲलर्जी जात नाही. ताप नाही, पाणी पातळ आणि पारदर्शक, खाज भरपूर, आठवडेच्या आठवडे तेच, तर ते पडसं नव्हे.

काचपट्टी | २४ सप्टेंबर, दुपारी १:१०

वा, माझ्या आवडीचा धागा. मी विस्कॉन्सिनला एका कॉलेजात परागकण मोजणाऱ्या गटाला मदत करते. दर आठवड्याला दोन सकाळी गच्चीवर चढते.

यंत्र साधं आहे. आत एक पिंप, त्यावर चिकट फीत, आणि ते दर तासाला दोन मिलिमीटर सरकतं. बारीक फटीतून मिनिटाला दहा लिटर हवा आत ओढली जाते, साधारण आपण श्वासाने घेतो तेवढीच, आणि हवेत जे असेल ते फितीला चिकटतं. चोवीस तासांची फीत कापायची, गुलाबी रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसायचं. ओकचा कण, गवताचा कण, बुरशीची बीजं, सगळे वेगळे दिसतात. रॅगवीडचा कण पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मोठ्याने "हलवा!" म्हणाले आणि शेजारची मुलगी दचकली. संक्रांतीच्या हलव्याचा काटेरी दाणा असतो ना, हुबेहूब तसा. गोल आणि अंगभर आखूड काटे. आकार मात्र वीस मायक्रॉनच्या आत-बाहेर, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. एक झाड हंगामात अब्जभर कण सोडू शकतं. समुद्रात चारशे मैल आतही ते सापडले आहेत.

म्हणून निशिगंध, कुंपणामागचं झाड जरूर उपटा, पण तुमच्या नाकात जे जातं त्यातलं बरंचसं दूरच्या शेतांतून आलेलं असतं. इलिनॉयच्या मक्या-सोयाबीनमध्ये दुसरी जात आहे, माणसापेक्षा उंच वाढणारी.

आता हवेचं. रॅगवीड तापमान बघून फुलत नाही, रात्र बघून फुलतं. उन्हाळ्याच्या मध्यानंतर रात्री लांबायला लागल्या की त्याला निरोप पोचतो, म्हणून दरवर्षी ऑगस्टच्या मध्याला, जवळजवळ ठरल्या तारखेला सुरुवात. सर्वांत जोर सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. शेवट मात्र थंडीच्या हाती. पहिलं कडक हिमदव पडून झाड मेलं की संपलं.

दिवसाचंही वेळापत्रक आहे. रात्री दवाने कणसं ओली असतात. सूर्य वर आला, दव वाळलं की कण सुटतात. सकाळी झाडाखालीच पडतात, मग ऊन तापून हवा वर उचलली जाते आणि वारा त्यांना शहरात आणून सोडतो. म्हणून शहरात साधारण दहा ते तीन ही वाईट वेळ. कोरडा, स्वच्छ, वाऱ्याचा दिवस, ज्याला आपण "काय सुंदर हवा पडलीये" म्हणतो, तो रॅगवीडवाल्यांसाठी सर्वांत वाईट. रिपरिप पाऊस सर्वांत चांगला. वादळी पावसाचं मात्र उलटं होऊ शकतं. आधीच्या वावटळीत कण उधळतात आणि पाण्याने फुगून फुटले तर त्यांचे आणखी बारीक तुकडे छातीपर्यंत पोचतात. दम्यावाल्यांनी त्या वेळी खिडक्या लावून घ्याव्यात.

एक सूचना. मोजून काढलेला आकडा सकाळी वाचता तो आदल्या चोवीस तासांचा असतो. फोनवरच्या ॲपमध्ये जो "आजचा" असतो तो बहुतेकदा अंदाज असतो. तणांच्या परागांसाठी घनमीटर हवेत ५० कणांच्या वर गेलं की जास्त, ५०० च्या वर अतिजास्त धरतात.

मोरपंखी | २४ सप्टेंबर, दुपारी १:३५

हलवा!! आता दर शिंकेला तिळगूळ आठवणार.

तळ्याकाठी | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

काचपट्टी, तुमच्या वाऱ्याच्या मुद्द्याला माझा पुरावा. मी शिकागोतच, पण तळ्याला लागून राहतो. सहा वर्षं वहीत रोज लिहितोय : वारा कुठला आणि गोळी लागली की नाही. वारा तळ्यावरून पूर्वेकडून असला की नाक मोकळं, कारण मिशिगन तळ्यात तण उगवत नाही. नैर्ऋत्येकडून आला, म्हणजे मक्याच्या शेतांवरून, की दुपारपर्यंत डोळे लाल. निशिगंध, तुम्ही पश्चिमेला तीस मैल आत, तुम्हाला तळ्याची ती झुळूक पोचतच नाही. फीनिक्सआधी एक रविवार आमच्याकडे तळ्यावर घालवून बघा.

शिकागोजवळ मेलरोज पार्कच्या गॉटलीब रुग्णालयाच्या गच्चीवर एक वयस्क ॲलर्जीतज्ज्ञ वर्षानुवर्षं पहाटे स्वतः चढून मोजणी करायचे आणि तो आकडा सकाळच्या बातम्यांत यायचा. माझी ही वहीची सवय त्यांच्यामुळे लागली.

इंद्रायणीकाठ | २५ सप्टेंबर, सकाळी ९:०५ (भारत)

अमेरिकेचं चाललंय ते चालू द्या, पण गाजर गवताचा विषय निघालाच आहे तर इथलंही ऐका. माझ्या वडिलांचे हात, मान आणि पापण्या गेली बारा वर्षं या गवताने सोलवटल्या आहेत. शेतात खुरपायला बसायचे. आधी मनगटाला खाज, मग कातडी जाड आणि काळी. आता नुसत्या बांधावरून चालत गेले तरी तोंड सुजतं, कारण सुकलेल्या झाडाची भुकटीच हवेत असते. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याचा हा प्रताप. नाक गळणं परवडलं म्हणायची वेळ आहे. कुणीही ते उघड्या हातांनी उपटू नका, म्हणजे हातमोज्याशिवाय, पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याशिवाय आणि नाकाला फडकं बांधल्याशिवाय. फुलावर यायच्या आधी, पावसात जमीन ओली असताना, मुळासकट.

आबा_देशावरचे | २५ सप्टेंबर, सकाळी ९:४० (भारत)

हे काँग्रेस गवत अमेरिकेनेच पाठवलं, पीएल-४८० च्या, म्हणजे त्यांच्या त्या धान्य-मदतीच्या कायद्याखालच्या, मिलो गव्हातून. आता त्यांच्या घरच्या गवताने आपली पोरं तिकडे शिंकतायत.

वाटसरू_७२ | २५ सप्टेंबर, सकाळी ११:१५ (भारत)

आबा, एक दुरुस्ती, रागावू नका. मिलो म्हणजे ज्वारी, लाल मिलो. गहू वेगळा. आणि भारताशी पीएल-४८० चा पहिला करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये. पुण्यात हे झाड त्याआधीच दिसलं होतं, त्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये १९५६ सालीच छापून आली. अमेरिकेचा गहू त्याआधीही येत होता, तेव्हा धान्याबरोबर आलंच नाही असं मी म्हणत नाही. पण एकाच करारावर सगळं ढकलणं बरोबर नाही. मूळ घर मात्र अमेरिका खंडच, मेक्सिकोच्या बाजूचं.

आमच्याकडे त्याला चटकचांदणी म्हणायचे. इतक्या छळवादी झाडाला इतकं देखणं नाव.

काचपट्टी | २५ सप्टेंबर, सकाळी ८:५०

नावावरून आठवलं. रॅगवीडचं शास्त्रीय नाव अँब्रोशिया. ग्रीक कथांत देवांचं अन्न ते अँब्रोशिया, आणि हा शब्द आपल्या "अमृत"चा सख्खा भाऊ आहे, दोन्हींचा अर्थ न मरणारं.

मोरपंखी | २५ सप्टेंबर, सकाळी ९:१०

न मरणारं हे तर खरंच. आमच्या मिशिगनच्या कॉलेजात १८७९ साली प्रा. बील यांनी वेगवेगळ्या तणांच्या बिया बाटल्यांत भरून जमिनीत पुरल्या, किती वर्षं जगतात ते बघायला. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरतात. रॅगवीडची बी चाळीस वर्षांनी उगवली होती.

लेकुरवाळी | २५ सप्टेंबर, सकाळी १०:३०

एक विचारू? मला या दिवसांत केळं खाल्लं की ओठ आणि घसा खाजतो. खरबुजानेही. पण सत्यनारायणाच्या शिऱ्यातलं केळं चालतं! आई म्हणते प्रसाद आहे म्हणून चालतो.

डॉ_शेवंती | २५ सप्टेंबर, दुपारी १२:४५

आईंचं म्हणणं राहू द्या, पण शास्त्रही तिथेच पोचतं. केळं, खरबूज, कलिंगड, काकडी यांतली काही प्रथिनं रॅगवीडच्या परागातल्या प्रथिनांसारखी असतात, शरीर फसतं. शिजवल्यावर ती प्रथिनं मोडतात. म्हणून शिरा चालतो आणि शिकरण किंवा पंचामृत खाजवतं. नुसती तोंडाला खाज असेल तर ते फळ हंगामात टाळा. पण ओठ-जीभ सुजली, श्वास अडला, उलट्या झाल्या तर थेट आपत्कालीन विभाग. कॅमोमाइलचा चहा पिणाऱ्यांनीही जपा, तेही याच कुळातलं.

तिखटमीठ | २५ सप्टेंबर, रात्री ८:००

सगळे उगाच औषधं घेताय. जवळच्या शेतातला कच्चा मध रोज एक चमचा. मी तीन वर्षं घेतेय, फरक आहे.

काचपट्टी | २५ सप्टेंबर, रात्री ८:४०

तुम्हाला बरं वाटतंय तर आनंदच आहे. पण मधात जो पराग असतो तो मुख्यतः मधमाशी ज्या फुलांवर बसते त्यांचा. रॅगवीडचा वाऱ्यावर जातो. डॉ. शेवंतींनी गोल्डनरॉडचं लिहिलंय तेच उलटं करून बघा.

तिखटमीठ | २५ सप्टेंबर, रात्री ९:०५

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मध खाणं सोडणार नाही, पण फवारा सुरू करते.

निशिगंध_नेपरव्हिल | २५ सप्टेंबर, रात्री १०:१०

किती वाचू आणि किती नको असं झालंय. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "मग मी रोज दुपारी साड्या बाहेर वाळत घालते त्याचं काय?" दहा ते तीन! रोज! डेकच्या कठड्यावर! आणि त्याच साडीच्या पदराने त्या माझे डोळे पुसत होत्या. आजपासून साड्या ड्रायरमध्ये. त्यांना उन्हाचा वास नसल्याचं फार वाईट वाटलं.

जलनेतीबद्दल कुणी सांगाल का? ह्यांचा आग्रह आहे.

डॉ_शेवंती | २६ सप्टेंबर, सकाळी ७:१५

जलनेती उत्तम, बाहेरून आल्यावर तर फारच. पण पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड. नळाचं थेट कधीही नको. २०११ मध्ये लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती केलेले दोघे नेग्लेरिया नावाच्या अमिबाने दगावले. आजीच्या काळात उकळलेलंच घ्यायचे, तेच करा. आणि रात्री झोपण्याआधी केस धुवा. दिवसभराचा हलवा उशीवर पसरतो.

सोनोरन | २६ सप्टेंबर, सकाळी ११:५५

फीनिक्सला अकरा वर्षं आहे. सरळ सांगते, नाकासाठी म्हणून येऊ नका. पूर्वी डॉक्टर दम्याच्या आणि ॲलर्जीच्या रोग्यांना इकडे पाठवायचे. ते आले आणि आपल्या गावची हिरवळ, तुतीची आणि ऑलिव्हची झाडं बरोबर घेऊन आले. शिवाय वाळवंटाचं स्वतःचं रॅगवीड आहे, बर्सेज म्हणतात, त्याच अँब्रोशिया वंशातलं, ते वसंतात फुलतं. तुमचा सप्टेंबर जाईल आणि मार्च येईल.

आणि इथे पुष्कळ लोक ज्याने शिंकतात ते बर्म्युडा गवत कोणतं माहितीये? आपली हरळी. बाप्पाच्या दुर्वा. माझ्या चाचणीत तेच आलं. तरी दरवर्षी एकवीस दुर्वांची जुडी मीच बांधते, मास्क लावून.

निशिगंध_नेपरव्हिल | २६ सप्टेंबर, दुपारी १२:३०

सोनोरन, हे वाचून ह्यांनी लॅपटॉप बंद केला आणि म्हणाले, "फीनिक्स रद्द."

मॉन्ट्रियलचा_माधव | २६ सप्टेंबर, रात्री ९:२०

आमच्याकडे फ्रेंचमध्ये याला "एर्ब आ पू" म्हणतात, उवांचं गवत. क्वेबेकात व्हॅलीफील्ड नावाचं गाव आहे, तिथे २००७ ते २०१० सगळ्या गावाने मिळून रस्त्याकडेचं, मोकळ्या प्लॉटचं रॅगवीड वेळेवर कापलं, एकदा जुलैच्या मध्याला आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्याला. एकदा कापून भागत नाही, ते खालून आडवं फुटतं. गावातल्या लोकांचा त्रास तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गावापेक्षा खरोखर कमी झाला. काचपट्टी म्हणतात तसं दूरचं येतंच, पण जवळचं कमी केलं तर फरक पडतो हे तिथे दिसलं. माझी तळमळ एवढीच आहे की हे एकट्याच्या कुंपणापुरतं ठेवू नका, वस्तीच्या बैठकीत न्या.

वाटसरू_७२ | २७ सप्टेंबर, सकाळी १०:०० (भारत)

न्यूयॉर्कने १९४६ मध्ये "ऑपरेशन रॅगवीड" नावाने शहरभर २,४-डी हे तणनाशक फवारून पाहिलं होतं. टिकलं नाही. उकरलेली, उघडी पडलेली जमीन जिथे असेल तिथे हे पहिल्यांदा येतं, आणि शहर तर सतत उकरलेलंच असतं. पुण्यातही तेच बघा. मेट्रोचं, पाइपलाइनचं खोदकाम झालं की पहिल्या पावसात तिथे चटकचांदणी. मोकळी जागा रिकामी ठेवू नका. आमच्या सोसायटीने मागच्या पट्ट्यात तरोटा वाढू दिला, तो गाजर गवताला दाबतो.

मिलानो_मिरज | २७ सप्टेंबर, दुपारी २:४०

मिरजेचा, सध्या मिलानजवळ. इथे विमानतळाच्या बाजूला रॅगवीड भयंकर होतं. २०१३ मध्ये एक लहान भुंगा सापडला, ओफ्राएला, कुणी न बोलावता बाहेरून आलेला. तो रॅगवीडची पानं कुरतडून जाळी करतो. त्यानंतर या भागात हवेतला पराग चांगलाच घटला. माझ्या बायकोला फरक जाणवतो. सूर्यफूल खाईल का, ही भीती होती, त्यावर संशोधक लक्ष ठेवून आहेत.

इंद्रायणीकाठ | २७ सप्टेंबर, रात्री ८:१० (भारत)

आपल्याकडचा मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा, १९८३ मध्ये आणून बंगळूरला सोडला होता. आमच्या बांधावर दिसतो. पिवळसर अंग, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा. पावसाळ्यात झाडाच्या काड्या करून टाकतो, पण पाऊस संपला की जमिनीत जाऊन झोपतो आणि गवत पुन्हा डोकं वर काढतं. कृषी विद्यापीठात विचारा, मिळतात. वडिलांनी गेल्या वर्षी डबाभर आणून सोडले. रोज संध्याकाळी काठीने पान उलटून किती आहेत ते मोजतात.

पानगळ | २ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

विनिपेगहून. हंगाम लांबतोय हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९९५ ते २००९ या काळाची मोजणी तपासून २०११ मध्ये एक शोधनिबंध आला. जितकं उत्तरेला जावं तितकी वाढ जास्त. मिनिआपोलिसला १६ दिवस, आमच्या विनिपेगला २५, सॅस्कटूनला २७. कारण शरदातलं पहिलं हिमदव उशिरा यायला लागलं. बाल्टिमोरमध्ये तर शहरात आणि खेड्यात तेच झाड लावून पाहिलं. शहरात हवा उबदार, कार्बन डायऑक्साइड जास्त, तर तिथे ते लवकर फुललं आणि पराग जास्त सोडला. मी आलो तेव्हा सप्टेंबरअखेर खिडक्या उघडायचो. आता मुलगी विचारते, बाबा, उघडायच्या कधी? पंचवीस दिवस म्हणजे तिच्या शाळेचा जवळजवळ महिना.

आबा_देशावरचे | २ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३० (भारत)

पानगळ, हे वाचून गप्प बसलो. नातीला माझा आशीर्वाद सांगा. शेणामातीचं मी जे लिहिलं ते मागे घेतो.

निशिगंध_नेपरव्हिल | १४ सप्टेंबर, रात्री १०:२० (पुढचं वर्ष)

धागा वर काढते, कारण पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

फीनिक्सला गेलो नाही. मे महिन्यात ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जाऊन जिभेखाली ठेवायची रॅगवीडची गोळी सुरू केली, २०१४ पासून मिळते ती. हंगामाच्या किमान बारा आठवडे आधी घ्यावी लागते, पहिली गोळी दवाखान्यातच अर्धा तास बसवून देतात. पहिले पंधरा दिवस जीभ आणि कान आतून खाजले, मग बसलं. ऑगस्टच्या सुरुवातीला फवारा, टोक कानाकडे.

जुलैत माधव यांचा प्रतिसाद छापून वस्तीच्या बैठकीत वाचला. शिकागो शहरात दहा इंचांवर तण वाढू दिलं तर दंड आहे, आमच्या उपनगराचा नियम वेगळा, म्हणून कुणावर सक्ती केली नाही. शनिवारी सकाळी सहा घरं आली. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला मास्क. कुंपणामागचा सगळा पट्टा काढला आणि तिथे लगेच दाट गवत पेरलं. ऑगस्टमध्ये पुन्हा एक फेरी.

शिंका येतात. नैर्ऋत्येचा वारा असला की येतातच, आता मीही तळ्याकाठी यांच्यासारखी वही ठेवते. पण यंदा पाचही आरत्या उभ्याने, रुमालाशिवाय म्हटल्या. गौरीच्या मुखवट्यांमागे गोल्डनरॉडचे दोन मोठे तुरे होते.

सासूबाई या वर्षी पुण्यातच आहेत. काल व्हिडिओवर आरास दाखवली तर म्हणाल्या, "ते राहू दे, आधी कुंपणामागे ने मला." फोन घेऊन गेले. सगळा पट्टा दाखवला, हिरवागार. परत येताना त्यांनीच थांबवलं, "टपालपेटीच्या खाली बघ, डावीकडे." फरशीच्या चिरेत वीतभर एक होतं, शेंड्याला कणीस धरू लागलेलं. हातमोजे आणायला आत गेले तोवर त्या फोनवर तशाच थांबून होत्या.